इंजिनाने हवा घेतली, आळ पोरावर आला

वाचकहो, कुटुंबाच्या पानावर इंजिन, पाना आणि डिझेल यांचे काय काम, असा प्रश्न कोणी करील. पण आपल्या वस्त्यांकडे जरा नजर टाका. कोणाचा मुलगा ट्रकवर क्लीनर आहे, कोणाचा भाऊ बांधकामावरच्या जनरेटरपाशी रात्र काढतो, कोणाचा जावई बंदरात लाँचवर हेल्पर आहे. संध्याकाळी डिझेलच्या वासाचे कपडे भिजत घालणारी माउली आपल्याच घरात आहे. आपला पोरगा दिवसभर त्या इंजिनापाशी नेमके काय करतो, आणि काही एक न करता त्याच्यावर बालंट कसे येऊ शकते, हे तिलाही कळले पाहिजे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही मेकॅनिक नाही. आम्ही बी.कॉम. झालेले, मुंबई बंदरातील जहाजांना किराणा, रंग, दोरखंड असे सामान पुरविणाऱ्या एका खाजगी पेढीत कारकून आहोत. व्हाउचर तपासणे, चलन करणे, रजिस्टर भरणे हे आमचे काम. उरलेला वेळ वस्तीतल्या अभ्यासवर्गात जातो. पेढीची स्वतःची एक लाँच आहे. बंदरात नांगरून उभ्या असलेल्या जहाजांपर्यंत ती सामान नेते. तिच्या दुरुस्तीची बिले आमच्याच टेबलावरून जातात. त्यांत एक ओळ सारखी येई : एअर काढली, मेकॅनिकची मजुरी अमुक. एअर म्हणजे हवा हे आम्हालाही कळत होते. पण हवा काढायला धक्क्यावरून मेकॅनिक का न्यावा लागतो, हे सांगणारा कोणी भेटला नव्हता. २०१८ च्या पावसाळ्यात प्रकरण घरापर्यंत आले, तेव्हा ते सगळे समजून घ्यावे लागले.

आधी इंजिनाविषयी. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी टाकणारा प्लग असतो, डिझेलच्या इंजिनात तो नसतो. सिलिंडरमध्ये आलेली हवा पिस्टन पंधरा-वीस पट दाबतो, आणि नुसत्या दाबाने ती पाचशे अंशांच्या वर तापते. त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा सुटतो आणि आपोआप पेट घेतो. हा फवारा सोडायला दाब केवढा लागतो? सायकलच्या चाकात हवेचा दाब तीन-चार बार असतो. जुन्या धाटणीच्या इंजिनाचे नोझल उघडायला दोनशे बारच्या आसपास दाब लागतो. हे काम इंजिनाच्या कुशीला बसवलेला मोठा पंप करतो. बंगळूरच्या मायको कंपनीने असे पंप आपल्याकडे घरोघरी पोचवले. १९५१ साली स्थापन झालेल्या या कंपनीचे नाव २००८ साली बॉश झाले, तरी मिस्त्री लोकांच्या तोंडी अजून मायकोचा पंपच आहे.

आता हवेचा खोडा कसा पडतो ते पाहा. सायकलचा हातपंप घ्या, पुढचे भोक अंगठ्याने बंद करा आणि दांडा दाबा. दांडा बराच आत जातो, कारण आतली हवा चेपते. तोच पंप पाण्याने भरून, भोक बंद करून दाबला तर दांडा जागचा हलत नाही. डिझेल पाण्यासारखेच आहे, चेपत नाही. म्हणून पंपाने या टोकाला ढकलले की त्या टोकाला नोझल उघडते. पण नळीत हवेचा एक बुडबुडा बसला, की पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा चेपण्यात जातो. दाब चढत नाही, नोझल उघडत नाही, सिलिंडर उपाशी राहतो. टाकीत डिझेल आहे, बॅटरी चांगली आहे, सेल्फ मारला तर इंजिन फिरतेही, पण पेटत नाही. मिस्त्री म्हणतात, इंजिनाने एअर घेतली.

गंमत अशी, की रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे आपले पहिले यशस्वी इंजिन चालवून दाखविले, त्यात इंधन फवारायला दाबलेली हवाच वापरली होती. पुढे १९२७ साली बॉशच्या कारखान्यात डिझेलचा पंप मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागला आणि ज्या हवेने आधी मदत केली तीच नळीतली वैरीण ठरली. या डिझेल यांनी १९०३ साली कामगारांनी एकत्र येऊन कारखान्यांचे मालक व्हावे, अशा विचारांचे एक पुस्तकही लिहिले होते. ते फारसे खपले नाही. १९१३ साली ते इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून रात्रीतून नाहीसे झाले. त्यांच्या नावाने आज जगभर बोटी चालतात.

असो. आमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक झाला आणि आमच्याच शब्दावर लाँचवर हेल्पर म्हणून लागला. आयटीआयमध्ये त्याने ट्रकचे इंजिन उघडले होते, लाँचचे इंजिनही तसेच सहा सिलिंडरचे, म्हणून काम अवघड नव्हते. पण त्याच्या हाती पाना येतच नव्हता. लाँचचा इंजिन ड्रायव्हर रत्नागिरीकडचा, पस्तीस वर्षे पाण्यात काढलेला माणूस. पोरगा त्यांना चाचा म्हणे. चाचा मनाने चांगले, पण इंजिन बंद पडले की ते खाली उतरत आणि वरचे झाकण ओढून घेत. पोराने वर बसून फडके द्यायचे. ते स्वतःही असेच झाकणाबाहेर बसून शिकले होते. त्यांच्या उस्तादाने दाखवले नाही, यांनी दाखवले नाही. आमच्या समाजाला विद्येची दारे बंद असण्याची सवय जुनी आहे, पण कामगाराने कामगाराला झाकण लावावे हे आम्हाला कधीच पटले नाही. मोठा बिघाड असला, म्हणजे चाचांच्याने झाले नाही किंवा ते रजेवर असले, तर बाहेरचा मेकॅनिक येई आणि आमच्या टेबलावर व्हाउचर येई.

त्या पावसाळ्यात लाँच वरचेवर बंद पडू लागली, आणि प्रत्येक वेळी टाकी उतरलेली असतानाच. मॅनेजरांनी सरळ हिशेब मांडला : डिझेल वेळेआधी संपते, म्हणून इंजिन बंद पडते, डिझेल वेळेआधी संपते, म्हणजे कोणीतरी काढते, लाँचवर नवा कोण, तर हा हेल्पर. बंदरात डिझेलची चोरी होते हे खोटे नाही, त्यामुळे ऐकणाऱ्यालाही ते पटते. पोराला सहा दिवस बिनपगारी घरी बसविले आणि पुढच्या वेळी पोलिसांत देऊ असे सांगितले.

बहीण रात्री घरी आली. म्हणाली, “दादा, तूच चिकटवलंस ना त्याला तिथं? आता तूच बघ.” पोरगा दारात उभा होता. “मामा, मी डिझेलला हात लावला नाही,” एवढेच तो बोलला आणि गप्प झाला.

आम्ही जन्मभर कागद वाचले. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत एअर काढल्याची त्या पावसाळ्यातली सगळी व्हाउचरे काढली, शेजारी डिझेल भरल्याचे रजिस्टर ठेवले आणि तारखांना तारखा लावल्या. सात व्हाउचरे होती. सातही वेळा बिघाड टाकी भरायच्या एक-दोन दिवस आधीचा. इथपर्यंत मॅनेजरांचे म्हणणे बरोबर होते. पण त्या दोन तारखांच्या मध्ये लाँच चालली होती. एअर काढल्यावर, नवे डिझेल न भरता, ती एक-एक दोन-दोन दिवस फिरली होती. टाकी खरोखर संपली असती तर ती कशावर फिरली? शिवाय महिन्याला लागणारे एकूण डिझेल मागल्या वर्षाएवढेच होते. चोरी झाली असती तर खर्च वाढला असता. म्हणजे डिझेल टाकीत होते, इंजिनापर्यंत पोचत नव्हते.

पण कारकुनाच्या ताळ्याला इंजिनखोलीत किंमत नसते. डोळ्यांनी पाहिलेला पुरावा हवा होता. सुदैवाने आठवड्याभरात एका जहाजाचे चलन सही करून आणायला आम्हालाच जावे लागले. पोरगा त्याच दिवशी परत कामावर रुजू झाला होता.

जवाहर द्वीपाच्या अलीकडे इंजिनाचा आवाज बदलला. चढायचा, उतरायचा, दमेकऱ्याने पायरी चढावी तसा. दोन-तीन मिनिटे असे झाले आणि बंद. ओहोटी लागली होती. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, ओढ मोठी असते, आणि तेलाच्या जहाजांची वाट तिथूनच जाते. चाचांनी इंजिनाकडे न पाहता आधी खलाशाला नांगर टाकायला लावला. पाण्यात इंजिन बंद पडले तर पहिले काम हे. लाँच नांगरावर ठरली तेव्हा ते आमच्याकडे वळून म्हणाले, “कारकूनसाहेब, तुम्हीच काठी टाका टाकीत. मागनं कोणी बोलायला नको.”

आम्ही मापाची काठी टाकली. नऊ इंच डिझेल. ओढून घेणाऱ्या नळीचे तोंड तळापासून दोन इंचांवर असते, हे चाचांनी सांगितले. वही काढून वेळ लिहिली, माप लिहिले, चाचांची आणि खलाशाची सही घेतली. मग चाचा खाली उतरले. या वेळी आम्ही झाकणाच्या तोंडाशीच बसलो आणि पोराला टॉर्च धरून खाली पाठविले. चाचांनी क्षणभर वर पाहिले, बोलले काही नाहीत.

डिझेलची वाट अशी असते. टाकी, तिचा कॉक, मग पाणी खाली बसविणारी काचेची वाटी, मग डिझेल ओढणारा लहान फीड पंप, मग बारीक फिल्टर, मग मोठा पंप, तिथून लोखंडी नळ्या आणि नोझल. हवा काढायची ती याच क्रमाने, टाकीकडून नोझलकडे. मधूनच सुरुवात केली तर मागची हवा पुन्हा पुढे येते. फीड पंपावर एक बटण असते, ते आटे फिरवून सैल करायचे आणि वर-खाली दाबत राहायचे, म्हणजे इंजिन न फिरवता हाताने डिझेल पुढे जाते. चाचांनी फिल्टरवरचा छोटा स्क्रू दोन आटे सैल केला, खाली डबा धरायला सांगितला आणि बटण दाबू लागले. आधी सोड्याच्या बाटलीसारखा फेस आला. मग डिझेल आणि बुडबुडे, मग थोडे डिझेल, परत फेस. घाई करणारा इथे फसतो. एकदा धार आली की झाले असे वाटते, पण मागे आणखी हवा असते. धार काचेसारखी सलग येईपर्यंत दाबत राहायचे आणि धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. दाबणे थांबवून मग आवळला तर तेवढ्यात हवा परत आत जाते. नंतर मोठ्या पंपावरच्या स्क्रूपाशी तेच सगळे.

बहुतेक वेळा इंजिन इथेच सुरू होते. नाही झाले तर नोझलकडच्या नळ्यांचे नट पाऊण आटा सैल करून, थ्रॉटल पूर्ण उघडून, सेल्फ मारायचा. नटाखालून डिझेल उडू लागले की नट आवळायचे. सेल्फ दहा-पंधरा सेकंदांच्या वर सलग मारायचा नाही, मध्ये मिनिटभर उसंत द्यायची, नाही तर सेल्फही जळतो आणि बॅटरीही बसते, आणि भर समुद्रात बॅटरी बसली तर मग देवच आठवायचा, ज्यांना आठवतो त्यांनी.

इथे घरच्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती बिलात किंवा पुस्तकात बसत नाही. त्या नळीतून किंवा नोझलमधून सुटणारी धार इतक्या जोराची असते की ती कातडी फोडून आत जाते. बाहेर सुई टोचल्याएवढीच खूण दिसते. रक्तही फारसे येत नाही, सुरुवातीला दुखतही नाही. पण डिझेल आत बोटाच्या शिरांमधून पसरते आणि काही तासांत बोट सुजून काळे पडू लागते. पोरगा म्हणाला “काही नाही, थोडं डिझेल टोचलं”, तर हळद लावून झोपवू नका. त्याच पावली मोठ्या इस्पितळात न्या आणि दाबाचे डिझेल आत गेले आहे असे स्वच्छ सांगा, म्हणजे डॉक्टर नुसती पट्टी बांधून पाठवणार नाहीत. याला शस्त्रक्रिया लागते, उशीर झाला तर बोट जाते, हातही जातो. गळती कुठे आहे ते हाताने कधी चाचपायचे नाही, पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरायचा. चष्मा नाही तर निदान तोंड बाजूला.

वीस मिनिटांत इंजिन लागले. खलाशाने नांगर उचलला. आम्ही वही खिशात ठेवली. आणि पाव तासाने तोच दमेकऱ्याचा आवाज पुन्हा.

चाचा चिडले. पण पोरगा म्हणाला, “चाचा, हवा काढून भागणार नाही. ती रोज कुठून तरी आत येतेय.” चाचा म्हणाले, गळती असती तर डिझेल खाली टिपकले असते, खाली सगळे कोरडे आहे. दोघांचेही म्हणणे बरोबर होते, आणि खरी मेख तिथेच आहे. फीड पंपाच्या पुढे डिझेल दाबाने जाते. तिथे चीर पडली तर डिझेल बाहेर येते, ओले दिसते, कोणालाही सापडते. फीड पंपाच्या मागे डिझेल ओढले जाते. तिथे चीर पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवाच आत ओढली जाते. चोर आत शिरतो पण दाराला ओल नाही. टाकी भरलेली असली की डिझेल स्वतःच्या वजनाने पुढे सरकते आणि हवेला आत यायला वाव राहत नाही. टाकी अर्धी झाली, की पंपाला खालून वर ओढावे लागते आणि तीच चीर हवा घेऊ लागते. मॅनेजरांना टाकी रिकामी झाल्याचा जो पुरावा वाटला होता, तो प्रत्यक्षात या चिरेचा होता.

पोराने मग एक साधा उपाय सुचविला. डब्यात डिझेल घ्यायचे, एक नवी नळी त्यात बुडवून थेट फीड पंपाला लावायची, टाकी आणि मागची वाट पूर्ण सोडून द्यायची. तसे चालले तर दोष मागे आहे, नाही चालले तर पुढे. चाचांनी विचार केला आणि पाना पोराच्या हातात दिला. तो आम्ही वरून पाहिला. पोराने नळी जोडली, बटण दाबले, फेस काढला, धार सलग आणली, चालू धारेवर स्क्रू आवळला. डब्यावर लाँच जहाजापर्यंत गेली, सामान उतरले, आम्ही चलनावर सही घेतली, आणि डब्यावरच ती परत आली. एकदाही अडखळली नाही.

धक्क्यावर त्यांनी टाकीकडच्या वाटेत हातभर पारदर्शक नळी मध्येच बसविली आणि इंजिन चालू ठेवले. त्या नळीतून बारीक बुडबुड्यांची माळ जाताना मॅनेजरांनीही पाहिली. मग एकेक जोड सोडवत मागे गेल्यावर रबरी नळी सापडली. ती धुराच्या तापलेल्या पाइपाजवळून जात होती. उष्णतेने कडक होऊन क्लिपच्या खालीच तिला केसाएवढी चीर पडली होती. बाहेरून काही दिसत नव्हते, वाकविल्यावर तोंड उघडले. पोरगा म्हणाला, टाकी भरलेली असताना ही जागा जराशी ओलसर लागे, मी रोज पुसत होतो. ती नळी आणि दोन क्लिपा यांची किंमत एका व्हाउचरातल्या मजुरीपेक्षा कमी निघाली. हे आम्ही शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने लिहिले.

मॅनेजर एवढेच म्हणाले, चला, बरे झाले. आम्ही म्हटले, बरे तर झालेच, पण आळ तोंडी आला होता, तो लेखी मागे गेला पाहिजे. अर्ज दिला, सोबत नऊ इंचांची वही, सात व्हाउचरे आणि ती नळी जोडली. दोन ओळींचे पत्र मिळायला तीन आठवडे लागले आणि सहा दिवसांचा पगार मिळायला दोन महिने. पत्र बहिणीने ट्रंकेत ठेवले आहे.

चाचांनी त्यानंतर झाकण ओढून घेतल्याचे कोणी पाहिले नाही. उलट कोणती गोष्ट सांगायची राहिली असे वाटले की ते पोराला रात्री फोन करीत. लाँचचे एक वेगळेपण त्यांनीच सांगितले, जे ट्रकवाल्याला ठाऊक नसते. काही बोटींत इंजिनाचा धूर समुद्राच्या पाण्यात मिसळून बाहेर टाकतात. अशा इंजिनाला हवा काढताना वारंवार सेल्फ मारला तर पाण्याचा पंप पाणी ढकलत राहतो, पण इंजिन पेटलेले नसल्यामुळे ते बाहेर फेकायला धूर नसतो. पाणी साचत साचत उलटे सिलिंडरमध्ये शिरते, आणि पाणी चेपत नसल्याने पुढचा सेल्फ मारताच आतले लोखंड वाकते. म्हणून फार वेळ सेल्फ मारावा लागणार असेल तर समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करायचा, आणि इंजिन लागल्याबरोबर उघडायचा, कारण कोरडा फिरला तर पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा जळतो. चाचा त्या वेळी कॉकची चावी स्वतःच्या बोटात अडकवून ठेवीत, म्हणजे उघडायचे राहून जात नाही.

नव्या कॉमन रेल इंजिनांना मात्र यातले नोझलकडचे काही लागू करू नये. त्यांत दाब हजार बारच्या वर जातो. तिथे नट सैल करणे म्हणजे जिवाशी खेळ. त्यांची हवा काढण्याची रीत कंपनीच्या पुस्तकात दिलेली असते, तेवढीच करायची. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत कोकणात ट्रॉलर किनाऱ्यावर ओढलेले असतात. फिल्टर, रबरी नळ्या आणि तांब्याच्या वॉशर बदलायला तो काळ उत्तम. तांब्याची वॉशर एकदा चेपली की दुसऱ्यांदा नीट बसत नाही, तरी माणसे रुपया-दोन रुपयांसाठी तीच परत लावतात आणि मग समुद्रात बसतात. पुसायला कापसाचा वेस्ट घेऊ नये, त्याचे तंतू नोझलमध्ये अडकतात. जुन्या सुती धोतराचे फडके बरे.

पोरगा आता दुसऱ्या एका लाँचवर इंजिन ड्रायव्हरच्या हाताखाली आहे आणि सक्षमतेच्या प्रमाणपत्राची तयारी करतो आहे. १९१७ चा जुना अंतर्देशीय जहाज कायदा जाऊन २०२१ साली नवा आला, तरी इंजिन सांभाळणाऱ्याकडे असे प्रमाणपत्र लागते ही अट कायम आहे. चाचा निवृत्त झाले. महिन्यातल्या एका रविवारी ते आमच्या अभ्यासवर्गात येतात. भंगारातून एका जुन्या टेम्पोचे चार सिलिंडरचे इंजिन वर्गणी काढून घेतले आहे, ते वर्गामागच्या पत्र्याखाली ठेवले आहे. त्याचा फीड पंप पडद्याचा आहे, त्याला बटणाऐवजी लहान दांडी असते. मागल्या खेपेस दहावीतली एक मुलगी ती दांडी दाबत होती. दांडी सैल लागे, डिझेल काही येईना. मुले म्हणाली, पंप गेला. चाचांनी तिला इंजिन हाताने एक फेरा फिरवायला सांगितले. आतला कॅम पंपाला वर उचलून बसला असेल तर दांडी नुसती हलते, पडदा हलत नाही. एक फेरा फिरवला, दांडीला जोर आला, फेस आला, मग धार. तिने चालू धारेवरच स्क्रू आवळला. तिला ते कोणी सांगितले नव्हते, ती मागे उभी राहून दोन वेळा पाहत होती.

येत्या वर्गात मोठा पंप घ्यायचा आहे. ज्यांना यायचे आहे त्यांनी सकाळी दहाला यावे. चष्मा आणि फडके ज्याचे त्याने आणावे, डिझेलसाठी डबा आमच्याकडे आहे.